आधी सांधणीला जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डिझाइनचा डिप्लोमा करून येवल्याला परतलास आणि वडिलांच्या पैठणीच्या मागावर बसायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचल्यावर मात्र चष्मा पुसून पुन्हा वाचावं लागलं. 'काका, आपल्या गल्लीतला विणकर गट म्हणजे महिन्याचा चहा आणि वर्गणीवरून वाद. त्यात पडू, की सरळ माझा ब्रँड काढू?'

ब्रँड खुशाल काढ. तुझ्या साड्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर आले की मी नातवाकडून दाखवून घेईन. पण गटातही जा, आणि जाताना लॅपटॉप घरी ठेव. पहिल्याच दिवशी नव्या बुट्ट्यांची फाइल उघडून बसलास तर माणसं 'छान, छान' म्हणतील आणि चहा पिऊन उठतील. त्यापेक्षा या आठवड्यात कुणाच्या घरी सांधणी आहे ते विचार, आणि तिथे जाऊन बस.

सांधणी तू लहानपणापासून पाहिलीस, केली नाहीस. एक ताणा, म्हणजे मागावरच्या उभ्या तारा, विणून संपत आला की त्याची टोकं वह्यांच्या, म्हणजे तारा वर-खाली करणाऱ्या दोऱ्याच्या फासांच्या, मागे तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याची एकेक तार त्या एकेका टोकाला पीळ देऊन जोडतात. पैठणीच्या पन्ह्यात अशा तारा हजारोंनी. बोटाला चिमूटभर राख, अंगठा आणि तर्जनीत दोन टोकं, एक पीळ, की पुढची तार. एक तार चुकून शेजारच्या टोकाला गेली तर तिथून पुढचा सगळा क्रम सरकतो, आणि ते कळतं सांधे वह्यांतून आणि फणीतून पुढे ओढताना. एकट्या माणसाला हे काम नको जीव करतं. म्हणून दोघी-तिघी मिळून बसतात, बहुतेक वयस्क बायका. त्यांची नजर तारेवर असते आणि तोंड मोकळं असतं. कुणाला कोणत्या साडीची काय मजुरी मिळाली, कोणता व्यापारी पैसे लांबवतो, कुणाची जर वर्षभरात काळी पडली, कुणाचा मुलगा माग विकायच्या गोष्टी करतो, हे सगळं तिथे निघतं. महिन्याच्या बैठकीत यातलं निम्मंही निघत नाही. गटाची खरी बैठक सांधणीला भरते असं माझं मत आहे. चहाच्या बैठकीत फक्त सह्या होतात.

आता तुझ्या ब्रँडचा हिशोब मांडू. तुझ्या वडिलांनी आयुष्यभर व्यापाऱ्याकडून रेशीम-जर घेतली, साडी विणून दिली आणि मजुरी घेतली. तुला ते नको आहे, ठीक. मग कच्चं रेशीम तुला स्वतः घ्यावं लागेल. ते साबण-सोड्याच्या पाण्यात उकळलं की त्यावरचा डिंक निघून वजन जवळपास पाव भागाने घटतं. किलोभर घेतलेलं पाऊण किलोच्या आसपास हाती येतं. दर काढताना हे पाव किलो विसरणारे नवे लोक मी पुष्कळ पाहिले. मग रंगाई. मोरपंखी रंग आज रंगवला आणि तोच पंधरा दिवसांनी रंगवला, तर माप तेच, भट्टी तीच, तरी छटा उन्नीस-बीस होतेच. साडी निम्मी झाली आणि बाणा, म्हणजे आडवी तार, संपला, तर काय करशील? गटात पाच जणांचं रेशीम एकदम उकळून एकाच लॉटमध्ये रंगवलं, तर तुझ्या कमी पडलेल्या दोन लडी शेजारच्या घरात मिळतात. दुकानदार घासाघीस करतो तीही पाच किलोवर. तुझ्या एका किलोसाठी तो मान वर करून बघणार नाही.

पदराचंही तसंच. भरगच्च मोराच्या पदराला रंगारंगाचा धागा गुंडाळलेल्या कांड्या एका ओळीत शेजारी शेजारी लोंबत असतात, प्रत्येक रंग आपापल्या जागेपुरता फिरून शेजारच्या रंगात अडकतो आणि परत येतो. दिवसभरात काही बोटं पुढे सरकलं तरी समाधान मानायचं. अशात लग्नाच्या तारखेची ऑर्डर आली आणि तुला ताप आला, तर मागावर तुझ्याशेजारी कोण बसणार? ज्याच्या सांधणीला तू गेलास, तो. दुसरं कुणी येत नाही रे.

तू नक्षीचं विचारलंस. आपली नक्षी गटात दाखवली की दुसऱ्या आठवड्यात ती समोरच्या मागावर दिसते, ही तुझी भीती खोटी नाही. असं होतं. पण असावली, बांगडी मोर, मुनिया, नारळी काठ ही काही आपल्यापैकी कुणी काढलेली नक्षी नाही. सगळे जण ती विणतात म्हणून तर पैठणी पैठणी आहे. जे तू स्वतः कागदावर काढशील त्यापुरतं गटात उघड सांग, की ही एक वर्ष माझी, पुढे सगळ्यांची. लोक पाळतात. लपवलंस की मात्र चोरतात, आणि मग त्यांना बोलायला तुला तोंड उरत नाही.

उलट एक गोष्ट सुरू कर, ती आपल्याकडे नीट कधी रुजली नाही. ताणा संपताना शेवटी जी वीतभर जागा उरते, तिच्यावर एक नमुना विणायचा. नवा रंगमेळ, नवी बुट्टी, जाड जर, काहीही. तो कापून गटाच्या वहीत टाचायचा आणि शेजारी लिहायचं: तारा किती, रेशीम कोणतं, रंग कोणता आणि किती प्रमाणात, काय फसलं. अमेरिकेतल्या हौशी विणकरांच्या मंडळांत नमुन्यांची अशी देवाणघेवाण चालते. बोस्टनचं मंडळ तर 1922 सालचं आहे. ते लोक पदरचे पैसे घालून विणतात, आपलं पोट मागावर आहे, म्हणजे ही वही आपल्याला जास्त गरजेची. अट एवढीच, की वहीत खरं लिहायचं. रंगाचं प्रमाण मुद्दाम चुकीचं लिहिलं तर त्या वहीचा बाकीच्यांना काही उपयोग नाही.

वर्गणीवरून वाद होतात म्हणालास. होणारच. त्यावर उपाय आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरून ठेवलाय. नाशिकला पांडवलेण्यांवर शाळेच्या सहलीतून गेला असशील आणि माकडं बघून आला असशील. पुन्हा जा आणि 10 नंबरच्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख बघ. हा क्षत्रप नहपान राजाचा जावई. त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले, आणि ठेवले कुणाकडे? गोवर्धन गावच्या, म्हणजे नाशिकजवळच्या, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे गटांकडे. एकीकडे 2000, व्याज महिना शेकडा एक. दुसरीकडे 1000, व्याज महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता गुणाकार कर: 2000 वर महिना शेकडा एकने वर्षाचे 240 होतात. लेखात 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 असं लिहिलंय. बरोबर 240! सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा ताळेबंद आणि एका नाण्याची चूक नाही. राजाच्या जावयाला पैसे ठेवायला विणकरांचा गट भरवशाचा वाटला, यात सगळं आलं.

पण त्या लेखातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असं तिथे म्हटलंय. सभेत वाचायचं आणि फळ्यावर लिहायचं. आपल्या गटाला एवढंच करायचंय. रेशीम किती आलं, कोणत्या दराने, कुणी किती उचललं, कुणाकडे किती बाकी, मोठी ऑर्डर कितीला घेतली आणि त्यातून गटाने किती कापले, हे भिंतीवरच्या फळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. व्हॉट्सॲपवर नको, तिथे सकाळच्या सुप्रभातात हिशोब वाहून जातो. हिशोब एका माणसाच्या खिशातल्या डायरीत राहिला म्हणून चांगली चाललेली संस्था बसलेली मी जवळून पाहिली आहे. तो माणूस लबाड नव्हता. लोकांना ती डायरी दिसत नव्हती, एवढंच पुरलं.

त्या फळ्यावर आणखी एक रकाना ठेव: काम कुणी केलं. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांवर हातमाग कामगार नोंदले गेले, त्यांत 25 लाखांवर बायका. आपल्या गटाची सभासद यादी काढून बघ, सगळे पुरुष. कांड्या तुझी आई भरते, सांधणी शेजारच्या आजी करतात, रेशीम उकलायला वहिनी बसतात आणि यादीत नाव वडिलांचं. नाव नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून साडीच्या दरात ते काम धरलंच जात नाही, आणि मग आपणच ओरडतो की दर परवडत नाही. गटाची सहल कुठे न्यायची असेल तर महेश्वरला ने. अहिल्याबाईंच्या गावात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी सुरू केली आणि बायकांना मागावर बसवून शिकवलं. तिथे विणणाऱ्या बायकांशी आपल्या बायकांना बोलू दे. पुरुषांनी तेवढा वेळ घाटावर बसावं.

तुझ्याबरोबरची दोन मुलं नोकरीला लागली, त्यांना गटात ठेवू नये असं एक-दोघांचं म्हणणं असल्याचं तू लिहिलंस. असं म्हणणाऱ्यांना मंदसोरची गोष्ट सांग. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपूरला म्हणजे मध्य प्रदेशातल्या आजच्या मंदसोरला येऊन राहिली. त्यांच्या शिलालेखात स्पष्ट म्हटलंय की त्यांच्यातले काही धनुर्विद्येत गेले, काही ज्योतिषात, काही आपल्याच धंद्यात राहिले. तरी श्रेणी एकच राहिली, आणि तिने सन 437 मध्ये सूर्याचं देऊळ बांधलं, आणि 473 मध्ये त्याची दुरुस्तीही केली. नोकरीवाल्या मुलांना जीएसटीचे कागद बघायला लाव, कुरिअरचं बघायला लाव. त्यांची वर्गणी तर वेळेवर येईल! आणि तुझ्या ब्रँडच्या कामाचंही त्या लेखात आहे: तारुण्य आहे, रूप आहे, गळ्यात सोन्याचा हार आहे, विडा आणि फुलं आहेत, तरी रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्याशिवाय बाई प्रियकराला भेटायला जात नाही, असं कवीने लिहिलंय. देवळाच्या लेखात धंद्याची जाहिरात. तुमच्या रीलवाल्यांनी शिकावं.

राहिला नकली मालाचा प्रश्न. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हातमागाच्या कापडाची सरकारी खूण, हँडलूम मार्क, 2006 पासून आहे. दोन्ही घे, पण लेबलावर विसंबू नकोस. यंत्रावरची साडी उलटून पाहिली की मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. हाताने अडकवून विणलेला पदर उलट-सुलट सारखाच दिसतो. गिऱ्हाइकाला फोटो पाठवशील तेव्हा उलट्या बाजूचाही पाठव. काठ जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या तारा आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर, काढला असेल तर तसं लिही, त्यात कमीपणा नाही. आणि गटात एक नियम करून घे: विकायला जाणारी प्रत्येक साडी दुसऱ्या घरातल्या दोघांनी उलटून बघायची. बाहेरच्या नकलीपेक्षा आपल्यातल्याच कुणीतरी बाहेरून आणून आपल्या नावावर खपवलेली साडी जास्त घात करते. ती पकडायला कोर्टकचेरी लागत नाही, दुसऱ्या घरातले दोन जाणते डोळे लागतात. सुरुवातीला लोक रुसतील. तुझी पहिली साडी तूच त्यांच्यासमोर उलटी टाक.

तेव्हा आता असं कर. येत्या बैठकीला एक फळा आणि खडूची पेटी घेऊन जा, वर्गणीचं कुणी काढलं तर गप्प ऐकून घे. आईला विचार, मागच्या ताण्याच्या कांड्या कुणी कुणी भरल्या, आणि ती नावं पहिल्यांदा लिही. रेशमाचा लॉट कधी रंगवायला टाकताय ते मला फोन करून कळव, कारण माझ्याही मागाला किलोभर मोरपंखी लागणार आहे, आणि या वेळी मी एकट्याने रंगाऱ्याकडे खेटे घालणार नाही.

वडिलांना नमस्कार सांग.

तुझा काका