दुर्गम डोंगराळ भागात राहणारे वैमानिक ड्युटीवर वेळेत कसे पोहोचतात?

घर एकीकडे आणि ड्युटी दूरच्या विमानतळावरून, हे अमेरिकेत सर्रास चालतं. जवळच्या छोट्या विमानतळावरून रिकाम्या सीटवर, नाहीतर कॉकपिटमधल्या जंपसीटवर (जादा आसनावर) बसून ते बेसला, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते त्या विमानतळावर, जातात. जागेची हमी नसते. ढग खाली उतरले की विमान रद्द होतं. उंचावरच्या धावपट्टीवर कडक उन्हात वजनमर्यादेमुळे जंपसीटही नाकारली जाते. म्हणून वेळेत पोहोचवणारी निदान दोन विमानं हेरून ठेवावीत आणि सकाळची ड्युटी असेल तर आदल्या दिवशीच बेसजवळच्या सामायिक भाड्याच्या खोलीत मुक्कामाला यावं.

खरा धोका थकव्याचा आहे. ड्युटीआधी १० तास विश्रांतीचा नियम आहे, पण घरून बेसपर्यंतचा प्रवास ड्युटीत मोजत नाहीत. २००९ मध्ये बफेलोजवळ कोसळलेल्या विमानाची सहवैमानिक सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कला आली होती.