डॅटसन 240 झेडला मागे 25 आणि पुढे 20 मि.मी.चे व्हील स्पेसर लावले तर चालतील का? बेअरिंग लवकर जातील का?

तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ वाचली नसती तर मी उत्तर लिहिलं नसतं. "मेकॅनिक म्हणतो, स्पेसर लावलास की एक दिवस चाक निखळणार." हेच वाक्य माझा मोठा भाऊ आजही भेटेल त्याला ऐकवतो, आणि त्याचा पुरावा म्हणून आमच्याच गाडीचं उदाहरण देतो. ते उदाहरण चुकीचं आहे.

स्पेसर म्हणजे हब (ज्यावर चाक बोल्ट होतं तो भाग) आणि रिम यांच्या मध्ये बसवायची धातूची चकती; तिच्यामुळे चाक बाहेर सरकतं. बेअरिंगचं आधी सांगून टाकतो. ताण वाढतो, कारण चाकाची मध्यरेषा बेअरिंगपासून लांब जाते. पण पुढची टेपर रोलर बेअरिंग एरवीही उघडून, धुऊन, ग्रीस भरून नीट घट्ट करायचीच असतात. ते काम वेळच्या वेळी करणाऱ्याने बेअरिंगपायी स्पेसरला घाबरू नये.

आता आमची गाडी. दादाने आणि मी मिळून 240 झेड उभी केली. त्याला रुंद रिम हव्या होत्या, म्हणून एका फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीच्या 7 इंच रुंदीच्या रिम घेतल्या. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, तोच, 4 बाय 114.3 (चार भोकं, 114.3 मिलिमीटर), त्यामुळे भोकं जुळली. पण ऑफसेट ईटी 38, म्हणजे हबला टेकणारं तोंड रिमच्या मध्यरेषेपासून 38 मिलिमीटर बाहेरच्या बाजूला; हा आकडा जितका मोठा तितकी रिम आत जाते. या गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा उभा खांब), आणि रिमची आतली कड थेट स्ट्रटला घासायला लागली. ज्या गॅरेजने चाकं बसवली त्यांनी यावर उपाय म्हणून 15 मिलिमीटरच्या सपाट चकत्या मूळ स्टडवरच (हबमधून बाहेर आलेल्या, नट आवळायच्या बोल्टवर) सरकवल्या, वरून रिम लावली, नट आवळले आणि गाडी ताब्यात दिली. काही दिवसांनी मागून थरथर सुरू झाली. दादाने गाडी बाजूला घेतली तेव्हा डाव्या मागच्या चाकाचे चारपैकी दोन स्टड तुटलेले होते.

त्या दिवसापासून दादाचा निकाल ठरलेला आहे: स्पेसर वाईट. गॅरेजवाल्यांनीही मान डोलावली, कारण तसं म्हटलं की त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी ते चाक स्वतः उतरवलं. उरलेल्या स्टडवर नटाच्या खुणा फक्त टोकाच्या चार आट्यांवर होत्या. या गाडीचा स्टड एम 12 (12 मिलिमीटर जाड), पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25. साधा नियम असा की स्टडच्या जाडीइतकी तरी लांबी नटात गुंतली पाहिजे, म्हणजे 12 मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ फेरे. इथे चार फेरे, म्हणजे 5 मिलिमीटर. चकतीचं मधलं भोक हबपेक्षा मोठं, त्यामुळे ती मध्यावर धरून ठेवणारं काहीच नव्हतं. आणि हबच्या तोंडावर आम्ही हौसेने मारून घेतलेल्या रंगाचा जाड थर तसाच होता.

चाक स्टडच्या आडव्या ताकदीवर लटकत नाही. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो, रिम आणि हब एकमेकांवर दाबले जातात, आणि त्या दाबातून येणारं घर्षण चाक धरून ठेवतं. मध्ये रंग किंवा गंज असेल तर तो चेपतो, ताण उतरतो, रिम केसभर सरकायला लागते, आणि मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो. तुटलेल्या स्टडच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं: मोठा भाग गुळगुळीत, बारीक लाटांच्या रेषांचा, आणि एका कडेला थोडासा खरखरीत. म्हणजे तडा हळूहळू वाढत गेला आणि शेवटचा तुकडा एकदम तुटला. मी तो स्टड दादाच्या हातात दिला. तो म्हणाला, "पण स्पेसर नसता तर तुटला असता का?" त्यावर मी एवढंच विचारतो की मग पोर्शने 911 टर्बोच्या 930 मॉडेलला मागच्या चाकांमागे कारखान्यातूनच स्पेसर का दिले होते? याचं उत्तर त्याने आजवर दिलेलं नाही.

तुमच्या गाडीकडे येतो. मागे 25 लावा. या जाडीत हबला वेगळे बोल्ट होणारे, स्वतःचे स्टड असलेले स्पेसर मिळतात, तेच घ्या. घेताना पिच तपासा, कारण 4 बाय 114.3 पीसीडीच्या बऱ्याच गाड्यांचा स्टड एम 12 बाय 1.5 असतो. तुमचा नट त्यावर दोन फेरे फिरेल, मग अडकेल, आणि कुणीतरी लांब पान्हा लावून आटे मारून टाकेल. हबचे जुने स्टड स्पेसरच्या तोंडाबाहेर डोकावत असतील आणि रिमला मागून खाचा नसतील तर रिम सपाट बसणारच नाही. तेव्हा जुने स्टड आखूड करून घ्यावे लागतात. स्पेसरच्या आतले नट टॉर्क रेंचने आवळा, मग रिमचे, आणि 100 किलोमीटरच्या आत दोन्ही पुन्हा बघा. दोन्ही म्हणजे दोन्ही. आतले नट रिमखाली झाकले जातात म्हणून वर्षानुवर्षे त्यांना कुणी हात लावत नाही, आणि तुमच्या मेकॅनिकची निखळणारी चाकं तिथूनच येतात. एकावर एक दोन स्पेसर रचणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही.

पुढे 20 लावू नका. स्टिअरिंग रॅक साधा, पॉवरची मदत नाही. चाक बाहेर गेलं की स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षावर वळतं तो जमिनीला टेकतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) वाढतो, रस्त्यातली प्रत्येक भेग हातात येते, ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढू शकते, आणि पूर्ण वळवलेला टायर मडगार्डच्या कडेला लागतो. टायरची माप तुम्ही दिलेली नाहीत, त्यामुळे पुढे नेमकी किती जागा आहे ते तुम्हालाच चाक वळवून, सस्पेन्शन दाबून मोजावं लागेल.

आणि "स्टान्स रुंद केला की गाडी वळणाला चिकटते" हेही फार फुगवून सांगितलं जातं. मागची ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यरेषांमधलं अंतर, 1345 मिलिमीटर. दोन्हीकडे 25 वाढवले की 1395. तेवढ्याच वेगाने तेच वळण घेतलं तर मागे बाहेरच्या चाकावर सरकणारं वजन साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होतं, बस. फक्त मागे रुंद केल्याने गाडी किंचित अंडरस्टिअरकडे झुकते, म्हणजे वळणात पुढची चाकं आधी बाहेर घसरतात. दिसण्यासाठी करताय तर तसं म्हणा, त्यात कमीपणा नाही. ही गाडी मागून रुंद उभी राहिली की देखणी दिसते.

हे आधी लिहायला हवं होतं: पैसे असतील तर योग्य ऑफसेटची रिम घ्या. ईटी 38 च्या रिमखाली 25 चा स्पेसर म्हणजे ईटी 13. मुळात त्याच्या जवळपासची रिम मिळाली तर मधला एक जोड वाचतो. तुमच्याकडे वाहन तपासणीत आणि विम्यात स्पेसर चालतो का ते लेखी विचारून घ्या. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थेची कागदपत्रं असलेले स्पेसर रीतसर नोंदवता येतात, पण सगळीकडे तशी सोय नाही. आणि मागचे स्टब ॲक्सल (चाक फिरवणारे आखूड दांडे) या गाडीच्या वयाचेच असतील, तर स्पेसर लावण्याआधी ते काढून तडे तपासून घ्या.