तांब्या त्याच्या हाती द्या

*ताई, मी नागपूरला सुभाषनगरात राहते. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच शिकणं-वाढणं संथ. हृदयात छिद्र होतं, त्याचं ऑपरेशन तान्हेपणीच झालं. घराजवळच्या साध्या शाळेत तो सातवीत आहे. मुख्याध्यापिका बाईंनी परवा बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी याचं दुसरीकडे बघा, स्पेशल शाळेत टाका, बाकीचे पालक तक्रारी करून राहिले." तो वर्गात झोपतो, लिहीत नाही, चल म्हटलं की खाली बसून जातो. आधी असा नव्हता. घरी त्याचं सगळं मीच करते, आंघोळसुद्धा. सकाळी घाई असते, आणि सासूबाई म्हणतात लेकरू आहे, कशाला त्रास देतेस. सोसायटीत तान्हा पोळ्याला त्याला अजून बारक्या पोरांत लाकडी बैल घेऊन उभं करतात, बक्षीस देतात. एरवी खेळायला कोणी घेत नाही. यजमान २००० सालापासून पाटबंधारे खात्यात आहेत. ते मला अशा मुलांच्या मोठमोठ्या पराक्रमांचे व्हिडिओ पाठवतात, ते पाहून मला जास्तच रडू येतं. मोठी मुलगी बारावीला आहे, पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. आमच्यानंतर याला तिलाच पाहावं लागेल ना? मग तिला इतक्या दूर पाठवावं का? – एक आई*

ताई,

मुलीबद्दल लिहिते, पण आधी मुलाबद्दल. त्याला इथे सोनू म्हणू.

"आधी असा नव्हता," असं तुम्ही लिहिलंय. शाळेचं काय ते ठरवण्याआधी या वाक्याचा छडा लावा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचं थायरॉईड मंदावणं नेहमीचं आहे, आणि ते इतकं हळू होतं की घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मूल सुस्तावतं, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, आणि सगळे म्हणतात हा आता आळशी झाला. म्हणून टीएसएचची, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी दरवर्षी करायची असते, तक्रार असो वा नसो. दुसरी गोष्ट रात्रीच्या झोपेची. या मुलांचा श्वासाचा मार्ग मुळात अरुंद, त्यात स्नायू सैल. टॉन्सिल वाढलेले असले की झोपेत श्वास अडकतो, रात्रभर झोप मोडते आणि ती वर्गात भरून निघते. सोनू घोरतो का? मान मागे टाकून किंवा बसून पुढे वाकून झोपतो का? त्याचा झोपेतला व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. त्याच फेरीत कान तपासून घ्या, कारण पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणं हेही यांच्यात फार. डोळ्यांचा नंबर आणि हृदयाची नेहमीची तपासणीही राहिली असेल तर उरकून घ्या. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा, मिहानच्या एम्सला जा, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा, पण शाळेशी बोलणं करण्याआधी रिपोर्ट हातात असू द्या. ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याला "लिहीत नाही" म्हणून शाळेतून काढायला निघायचं, हे मला पटत नाही.

खाली बसून जाण्याचं म्हणाल, तर ते बरेचदा त्याचं "नाही" असतं, किंवा "थांबा, मला कळलं नाही" असतं. यांना ऐकलेलं लक्षात ठेवणं जड जातं, पाहिलेलं मात्र पक्कं राहतं. आपण एका दमात सांगतो, "चल ऊठ, दप्तर घे, बूट घाल, रिक्षा आली." त्यातलं त्याच्यापर्यंत एखादंच पोचतं. एक गोष्ट सांगा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. ही दहा सेकंदं आईला फार लांब वाटतात, मला माहीत आहे. पण मध्येच दुसऱ्यांदा सांगितलं तर त्याची आधीची जुळवाजुळव मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता आंघोळ. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजी वाटलेली गोष्ट ही आहे, शाळेपेक्षाही. तेरा वर्षांच्या मुलाला आई आंघोळ घालते, म्हणजे त्याच्या अंगाला हात लावणं, त्याचे कपडे काढणं हे मोठ्या माणसांचं कामच आहे, असं तो शिकतोय. उद्या दुसऱ्या कुणी तेच केलं, तर त्यात काही चुकीचं आहे हे त्याला कळायचं कसं? त्याला मिसरूड फुटायचे दिवस आले. "अनोळखी माणसापासून सावध राहा" असं त्याला शंभरदा सांगून जे शिकवता येणार नाही, ते बंद दारामागे स्वतःची आंघोळ स्वतः करण्यातून शिकवता येईल. आल्यागेल्याला मिठी मारायची सवय असेल तर तीही आताच बदला. पाहुण्यांना नमस्कार, मित्राला टाळी, मिठी फक्त घरच्यांना. पाहुणे म्हणतील, "राहू द्या हो, गोड आहे." त्यांना तुम्हीच सांगा की त्याला नमस्कार शिकवतोय.

शिकवताना शेवटून सुरू करा. पहिल्या आठवड्यात सगळं तुम्ही करा, फक्त शेवटचा तांब्या त्याच्या हातात द्या. तो अंगावर ओतला की "झाली आंघोळ" असं त्याचं त्यानं म्हणायचं. मग शेवटचे दोन तांबे त्याचे. मग पायाचा साबण त्याचा. असं मागे मागे सरकत नळापर्यंत या. यात रोज काम त्याच्या हातून पुरं होतं, अर्ध्यात सोडून दिलं असं कधी होत नाही. भिंतीवर हाताच्या उंचीवर चित्रं चिकटवा: बादली, साबण, तांब्या, टॉवेल, चड्डी. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घाला, नाहीतर दोन दिवसांत लगदा होईल. गरम पाणी आधी तुम्हीच काढून ठेवा, गिझरशी त्याची गाठ इतक्यात नको. आणि सकाळच्या घाईत हे करूच नका. संध्याकाळी खेळून आल्यावर करा, तेव्हा वेळही असतो आणि अंगाला घामही. नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या आंघोळीला कोण नको म्हणतो?

सासूबाईंना यात घ्या. "लेकरू आहे" म्हणणाऱ्या आजीला विरोधक करून चालणार नाही, घरी असतो तेव्हा तो त्यांच्यापाशी असतो. त्यांना वेगळं काम द्या: दूध आणायला पाठवणं. किराण्याच्या दुकानदाराला एकदा भेटून सांगून ठेवा. सोनूला बेरीज-वजाबाकी येत नसली तरी अडत नाही. त्याच्या पाकिटात फक्त दहाच्या नोटा ठेवा आणि त्याला एवढंच शिकवा: दुकानदारानं जो आकडा सांगितला, त्यातला दशकाचा अंक पाहायचा आणि एक नोट जास्त द्यायची. चौतीस म्हटले की चार नोटा, मग उरलेले पैसे घेऊन यायचे. दुकानदारानं आकडा कागदावर लिहून दाखवला तर आणखी सोपं. आजी सुरुवातीला दारात उभ्या राहतील, मग खिडकीत. कधी तरी तो दुधाऐवजी दही आणेल. त्या दिवशी कढी करा आणि परत पाठवू नका.

हे जमलं की मेट्रो. सुभाषनगर स्टेशन तुमच्या घराजवळच आहे. अ‍ॅक्वा लाइननं शंकरनगरपर्यंत गाडी बदलायची गरज नाही, डब्यात मराठीतून स्टेशनचं नाव सांगतात, पाटीवर दिसतंही. आधी त्याच्यासोबत बसून, मग त्याच डब्यात दूर बसून, मग पुढच्या स्टेशनवर त्याच्या बहिणीला उभं करून. गळ्यात नाव-पत्ता आणि तुमचा नंबर असलेलं कार्ड असू द्या. यात वर्ष जाईल, कदाचित दोन. जाऊ द्या.

तान्हा पोळ्याचं वाचून मला वाईट वाटलं, कारण सोसायटीच्या मनात खोट नाही. लाड करायचे आणि खेळात घ्यायचं नाही, हे दोन्ही एकत्र चालतं, कारण त्याला सगळ्यांनी कायमचा पाच वर्षांचा ठरवून टाकलंय. पुढच्या पोळ्याला त्याला बैल घेऊन रांगेत उभं करू नका. त्याला टेबलाच्या पलीकडे उभं करा, पाकिटं त्याच्या हातात द्या, आणि येणाऱ्या प्रत्येक बारक्या पोराला बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, तो देईल. गणपतीत आरतीचं तबक फिरवणं, खुर्च्या लावणं हेही त्याचं. नेमून दिलेलं काम असलं की बाकीची मुलं त्याला हाक मारतात, "सोनू, खुर्च्या काढ ना बे!" ही हाक त्याला बक्षिसापेक्षा जास्त हवी आहे. खेळात घ्यायला पोरांना सांगताना क्रिकेटचा हट्ट धरू नका, कॅरम किंवा सायकल बघा. कोलांटउड्या आणि शीर्षासन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, यांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात.

शाळेबद्दल स्पष्ट सांगते. बाईंना असं करता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे मदतही द्यायची आहे. कलम ३१ प्रमाणे चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं, आणि कुठे शिकायचं ही निवड त्याची, म्हणजे तुमची. बाकीच्या पालकांच्या तक्रारीला त्यात जागा नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा, पुढे सगळीकडे तेच लागेल.

पण कायदा दाखवून मागच्या बाकावर जागा मिळवलीत, तर मी त्याला जिंकणं म्हणणार नाही. बाईंना भेटाल तेव्हा रिपोर्ट न्या आणि एका पानावर लिहून न्या की आठवीत सोनूनं काय शिकावं असं तुम्हाला वाटतं: घड्याळ वाचणं, बसच्या पाट्या वाचणं, चार ओळी लिहिणं, प्रयोगाच्या तासाला सामान मांडणं. सगळ्यांचा धडा तोच, त्यातला सोनूचा भाग लहान. शाळा हे करायला तयार असेल तर तिथेच राहा. नुसतीच हजेरी लावणार असेल तर एखादी चांगली विशेष शाळा जाऊन पाहा, त्यात कमीपणा नाही. तिथेही बाक न पाहता मुलांचे हात काय करतायत ते बघा. दहावीचं दडपण आतापासून घेऊ नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एकेक विषय सोडवत. मार्गदर्शन आणि थेरपीसाठी नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं कंपोझिट रीजनल सेंटर आहे, तिथे एकदा जाऊन या.

यजमानांच्या व्हिडिओंवर रागावू नका, हा त्यांचा धीर धरायचा प्रकार आहे. स्पेनचा पाब्लो पिनेडा डाऊन सिंड्रोम असून पदवीधर झाला, सिनेमात नट झाला, हे खरंच आहे. पण सोनूला पाब्लो व्हायची गरज नाही, आणि तुम्हाला पाब्लोची आई व्हायची तर मुळीच नाही. यजमानांना व्हिडिओऐवजी कागदपत्रांचं काम द्या, ते त्यांच्या हातचं आहे. ते जुन्या पेन्शनमधले आहेत, म्हणजे स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी सोनूची नोंद आणि प्रमाणपत्र नोकरीत असतानाच ऑफिसात दाखल करायला सांगा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे, तेही बघा. आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं तुम्ही त्याचे आपोआप पालक राहत नाही. तेव्हा गरज वाटली तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. बँकेत सही करण्याचा सराव मात्र त्याला आतापासून द्या.

"आमच्यानंतर" हा प्रश्न आता फार लांबचा आणि फार मोठा झालाय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतही डाऊन सिंड्रोम असलेलं माणूस सरासरी पंचविशीपर्यंत जगायचं, आता साठीपर्यंत जातं. सोनू म्हातारा होईल, असंच धरून चाला. त्याला आंघोळ येत असेल, दूध आणता येत असेल, शंकरनगरला एकटं जाता येत असेल आणि एखाद्या कॅन्टीनमध्ये किंवा दुकानात ठरलेलं काम असेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्याला फक्त सोबत करावी लागेल. काहीच येत नसेल, तर कितीही प्रेमळ बहीण असली तरी ती थकेल.

आणि ही बहीण अजून सतरा-अठराची आहे. तिला सोनू हवाच आहे, तुम्ही तिच्यावर तो सोपवायची गरज नाही. तिला आताच "तुलाच बघायचंय" म्हणून ठेवलंत, तर ती पुण्याला गेली तरी मनानं घरीच अडकेल, आणि नाही गेली तर एक दिवस त्याच्यावर चिडेल. तिच्याशी बसून बोला, पेन्शनचं सांगा, कागद कुठे ठेवलेत ते दाखवा, आणि तिला काय वाटतं ते विचारा. ती रोज रात्री सोनूला व्हिडिओ कॉल करेल, तेव्हा फोन त्यालाच लावू द्या. पुण्याच्या कॉलेजांचे फॉर्म निघाले की तिला भरू द्या, आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.