वाचकांचे प्रश्न : खुल्या रस्त्यावरील शर्यत आणि नवखा चालक

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा असून नोकरीनिमित्त अमेरिकेत फिनिक्स येथे राहतो. नेवाडा राज्यात सर्वसामान्य माणसाला स्वतःची गाडी घेऊन हमरस्त्यावर शर्यतीत भाग घेता येतो, असे कळले. माझ्याकडे रोजच्या वापरातील होंडा ॲकॉर्ड आहे. पत्नी नॅव्हिगेटर म्हणून शेजारी बसण्यास तयार आहे. ताशी 100 मैलांचा वर्ग घ्यावा असा विचार आहे. गाडीची आणि आमची तयारी कशी करावी? – एक वाचक, फिनिक्स

उत्तर : आपण ज्या शर्यतीविषयी लिहिता, ती सिल्व्हर स्टेट क्लासिक चॅलेंज असावी. नेवाडातील 318 क्रमांकाच्या राज्य महामार्गावर, लुंड गावाच्या दक्षिणेकडून हायको गावाच्या दिशेने, 90 मैलांचा म्हणजे सुमारे 145 किलोमीटरचा दोनपदरी रस्ता शासनाच्या परवानगीने इतर वाहतुकीसाठी बंद केला जातो आणि त्यावर 1988 पासून ही शर्यत होत आली आहे. ज्यांना वेगाची मर्यादाच नाही, अशांच्या वर्गात 2012 मध्ये ताशी 217 मैलांहून अधिक सरासरी नोंदली गेली. तथापि आपला त्या वर्गाशी संबंध नाही आणि नसावा.

हौशी स्पर्धकांसाठी ताशी 95 मैलांपासून पाच-पाच मैलांच्या पायऱ्यांनी वर्ग असतात. गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडल्या जातात. जो सर्वांत आधी पोहोचतो तो जिंकत नाही, तर ज्याची वेळ आपल्या वर्गाच्या ठरलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ येते तो जिंकतो. 100 मैलांच्या वर्गात ही वेळ बरोबर 54 मिनिटे आहे. संपूर्ण रस्ता 101 च्या वेगाने कापलात, तर आपण सुमारे 32 सेकंद लवकर पोहोचाल, आणि पहिले क्रमांक तर सेकंदाच्या अंशांनी ठरतात. त्यामुळे ही परीक्षा धाडसाची कमी आणि एकाग्रतेची अधिक आहे, हे पत्नीलाही आधीच नीट समजावून सांगावे. कारण निम्म्याहून अधिक काम तिच्याकडे आहे.

ते काम असे. सुरुवात उभ्या गाडीने होते. 100 चा वेग गाठण्यास वीस सेकंद लागले असे धरले, तर सुमारे दहा सेकंद तेथेच गमावलेली असतात. पुढे ठरलेल्या वेगाने प्रत्येक मैलाला 36 सेकंद लागले पाहिजेत. नॅव्हिगेटरने मैलांच्या खुणांवर स्टॉपवॉच पाहून 'चार सेकंद मागे', 'दोन सेकंद पुढे' एवढेच सांगावे. आकडेमोड मोठ्याने करू नये. शेवटच्या टप्प्यात व्हाइट रिव्हर नॅरोज नावाची खडकाळ खिंड येते. तेथे वळणांसाठी एक मैल 80 च्या वेगाने काढलात, तर नऊ सेकंद जातात, आणि 101 च्या वेगाने ते भरून काढण्यास पंचवीस मैल लागतील. तेवढा रस्ता त्यानंतर उरलेला नसतो. म्हणून ही उणीव खिंडीच्या आधीच, थोडी थोडी शिल्लक टाकून भरून ठेवावी लागते. शेवटी जोर लावून वेळ गाठू, हा विचार मनातही आणू नये. 95 ते 110 च्या वर्गांना 124 मैलांची कमाल मर्यादा आहे आणि ती ओलांडणारा बाद होतो.

आता गाडीविषयी. आपल्या पत्रात टायरचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते सर्वांत आधी विचार करायचा तो टायरचाच. टायरच्या बाजूच्या भिंतीवर मापाच्या शेवटी एक अक्षर असते. 'टी' म्हणजे ताशी 190 किलोमीटर, 'एच' म्हणजे 210, 'व्ही' म्हणजे 240. आपल्या वर्गाची कमाल मर्यादा 124 मैल म्हणजे जवळजवळ 200 किलोमीटर होते. याचा अर्थ 'टी' अक्षराचे टायर सरळ बाजूला ठेवावेत. 'एच' हिशेबात बसतो, तरीही मी 'व्ही' घेण्याचा आग्रह धरीन. त्याच भिंतीवर चार अंकी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते. हवा कमी असेल तर भिंत प्रत्येक फेरीत अधिक वाकते, त्यातून उष्णता साठते आणि तासभर सलग वेगात ती बाहेर पडण्यास उसंत मिळत नाही. शहरात वर्षानुवर्षे निमूटपणे चाललेला टायर येथे फुटू शकतो. हवेचा दाब टायर थंड असताना, उत्पादकाने जास्त वेगासाठी सांगितल्याप्रमाणे भरावा.

गाडीचा वेगदर्शक काटा बहुधा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो. कायदेशीर मर्यादेत, 60 मैलांच्या स्थिर वेगाने मैलांच्या खुणांमधील वेळ मोजून तो पारखून घ्यावा. अग्निशामक नळकांडे धातूच्या पकडीने पक्के बसवलेले असावे. मोटारसायकलचे हेल्मेट चालेल असे गृहीत धरू नये. नवख्यांसाठीचे प्रशिक्षण चुकवता येत नाही आणि चुकवूही नये.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. अशा शर्यतींत माणसे दगावलेली आहेत. रस्ता बंद असला तरी त्या प्रदेशात गुरे मोकळी चरतात, हरणासारखी जनावरे आडवी येतात, आणि कडेला रबराच्या भिंती किंवा वाळूचे पट्टे नसतात. घरगुती गाडीच्या विम्यातून शर्यतीतील नुकसान सहसा वगळलेले असते. पॉलिसीतील ते कलम दोघांनी मिळून वाचावे. हे सर्व वाचूनही जाण्याची इच्छा कायम असेल तर अवश्य जा, मात्र पहिल्या वेळी 95 चा वर्ग घ्या. 56 मिनिटे 50 सेकंद इतकी वेळ साधणे 54 मिनिटांपेक्षा तसूभरही सोपे नाही. केवळ चूक सावरण्यास थोडी अधिक जागा मिळते.

प्रश्न : अशी शर्यत महाराष्ट्रात भरवता किंवा खेळता येईल का? मित्रांसोबत पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर वेळ लावून गाडी चालवली तर तो गुन्हा ठरतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर : होय, तो गुन्हा ठरतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्ता मोकळा दिसला तरी तो बंद केलेला नसतो, आणि त्याच पहाटे दूधवाला, शेतावर निघालेली बैलगाडी किंवा फिरायला आलेली म्हातारी माणसे त्याच रस्त्यावर असतात. कृपया असे करू नका.

आपल्याला अचूकतेची ओढ असेल, तर आपल्याकडे वेळ-वेग-अंतर पद्धतीच्या, म्हणजे टीएसडी रॅली होतात. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, हे नाव नोंदवण्यापूर्वी पाहावे. त्यांत ठरवून दिलेला सरासरी वेग कायद्याच्या मर्यादेतच असतो, मार्ग ट्यूलिप आकृत्यांच्या, म्हणजे प्रत्येक वळण बाणाने दाखवणाऱ्या छोट्या चित्रांच्या, पुस्तिकेवरून शोधावा लागतो आणि वेळ नोंदवणारी ठाणी कोठे आहेत ते आधी सांगितले जात नाही. साधी गाडी, शांत डोक्याचा नॅव्हिगेटर आणि एक घड्याळ एवढ्यावर सुरुवात करता येते. लवकर पोहोचल्यास उशिरापेक्षा सहसा अधिक गुण कापले जातात, हे नवख्यांनी विशेष लक्षात ठेवावे.