ओहोळ ऑगस्टमध्ये बघ

सावईवेरे, फोंडा

प्रिय बाय,

पोर्तुगालमध्ये तू जो मळा घ्यायचं म्हणतेस, त्याचे तुझे फोटो पाहिले. उतारावर ऑलिव्हची झाडं, दगडी घर, खाली खळाळता ओहोळ, आणि किंमत पर्वरीतल्या फ्लॅटपेक्षाही कमी. फोटो कधीचे ते तू लिहिलं नाहीस. गवताच्या रंगावरून सांगतो, एप्रिलचे असणार.

मीही एप्रिलमध्येच भुललो होतो. तिथल्याच बैरा प्रांताच्या आतल्या डोंगरात सात वर्षं काढली, त्यातलं पहिलं वर्ष त्या भुलीची किंमत मोजण्यात गेलं. जुलैत ओहोळाच्या जागी नुसते गोटे उरले. लावलेली निम्मी रोपं ऑगस्टमध्ये वाळली आणि मी टँकरवाल्याची वाट बघत दारात बसलो. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, वाढलेला माणूस, आणि पाणी विकत घेतोय!

आपल्या डोक्यात पाऊस आणि ऊब एकत्र बसलेले असतात. जून आला की उकाड्यातच पाऊस पडतो, काठी रोवली तरी पालवते. पावसाळा सरल्यावर ओहोळाला बांध घालायचा, पाटाने पाणी माडांना, पोफळींना, केळींना फिरवायचं. तिकडे सगळं उलटं आहे. पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे थंडीत, जेव्हा झाड झोपलेलं असतं. झाडाला वाढायची इच्छा होते तेव्हा आभाळ कोरडं. म्हणून तिथे ऑलिव्ह आणि बुचाचा ओक टिकतात. बुचाच्या ओकाची साल तर नऊ वर्षांतून एकदा काढतात, आणि पहिली साल हाती यायला पंचवीस वर्षं लागतात. ती नातवंडांची शेती झाली. तुला भाजी करायची असेल तर आधी बोअरवेल ऑगस्टअखेर किती पाणी देते ते विचार. विकणारा सांगेल ते ऐकून घे, आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही विचार.

दुसरी गोष्ट आग. जून 2017 मध्ये मध्य पोर्तुगालमधल्या पेद्रोगाव ग्रांदच्या वणव्यात 66 माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीतून पळताना रस्त्यावरच. निलगिरी आणि पाइनची दाटी, कोरडा वारा, शेती सोडून गेलेल्यांच्या रानात माजलेलं गवत. घराभोवतीचं पन्नास मीटर रान उन्हाळ्याआधी साफ ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर दंड. म्हणजे चवथीला घरी यायचं तुझं स्वप्न बहुतेक वर्षी बारगळेल. ते दिवस वणव्याचे, मळा सोडून जायचे नसतात.

कागदांना मात्र घाबरू नकोस, ती आपलीच जुनी दुखणी आहेत. इथे गोव्यात जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा एक सांगतो आणि विक्रीखत दुसरंच. तिथेही करखात्याची नोंद आणि मालकीची नोंद वेगळ्या दफ्तरांत, क्षेत्रफळ क्वचितच जुळतं. एका शेताला अकरा वारसदार, तीन फ्रान्समध्ये, हेही ओळखीचंच. 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड त्यांनी 1966 मध्ये बदलला. आपल्याकडे त्याचे तुकडे अजून चालतात. एक खाच मात्र नवी वाटेल. छोट्या शेतजमिनीला लागून ज्याची जमीन आहे त्या शेजाऱ्याचा खरेदीवर पहिला हक्क असतो. त्याला रीतसर कळवलं नाही, तर व्यवहार समजल्यापासून सहा महिन्यांत तो कोर्टात जाऊन तुझी जमीन त्याच भावात मागू शकतो.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसलो ते. तुझी आजी गोवा मुक्त व्हायच्या, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या, आधी गोव्यात जन्मली, म्हणून तिची, मग आईची, मग तुझी नोंद पोर्तुगीज नागरिक म्हणून लिस्बनला होऊ शकते, हे बरोबर आहे. पण ते नागरिकत्व घेतलंस की भारताचं आपोआप जातं. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळालं तरी भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, आणि तुझ्या बाबांनंतर कुळागरातला जो वाटा तुझ्याकडे आला, तोच विकून तू तिकडे पैसे घालायचं म्हणतेस! बाय, ती एक गोष्ट करू नकोस. पैसे कमी पडले तर जमीन लहान घे, किंवा घेऊच नकोस, भाड्याने राहा. पोफळी तुझ्या चुलतभावाला बघायला सांग. नारळ-सुपारी पाडणारा पाडेली मिळत नाही म्हणून तो कुरकुरेल, पण बघेल.

पासपोर्ट बदलायची घाई कशाला? आधी भारतीय पासपोर्टवरच राहण्याचा व्हिसा काढून एक वर्ष जा. जानेवारीतला दगडी घरातला गारठाही भोग, जेव्हा भिंतीतून ओल येते आणि चार दिवस कुणाशी बोलणं होत नाही. गावात बहुतेक सत्तरीच्या पुढचे. आजी पोर्तुगीज प्राथमिक शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेली, पण तुझं पोर्तुगीज ‘बों दिया’च्या पुढे जात नाही, ते इथेच सुधारून घे. त्या म्हाताऱ्यांनीच मला ऑलिव्हची छाटणी शिकवली, आणि कोबीचं सूपही पाजलं.

विसार देण्यापूर्वी जमिनीचा कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. माझं पोर्तुगीज आता गंजलंय, पण जिथे सहसा घर बांधता येत नाही त्या जमिनीच्या कागदावर ‘रुस्तिकु’ लिहिलेलं असतं, आणि तो शब्द मी चष्म्याशिवायही ओळखतो.

तुझा,
काका