बाईंना पाटी वाचता येईना

"मॅडम, जिथं आपल्याकडचं कुणीच जात नाही, तिथं आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं जायचं. डोकं फिरलंय का माझं?"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसता बसताच बाईंनी हे विचारलं आणि पिशवीतून दोन फुलस्केप वह्या काढून टेबलावर ठेवल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पण सगळं गाव त्यांना 'बाई'च म्हणतं, म्हणून मीही तेच ठेवते.) बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. ३४ वर्षं भूगोल शिकवला. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्यात. त्यांना जायचं होतं मध्य आशियातल्या किरगिझस्तानला.

वह्या मी चाळल्या. खरं सांगते, एखाद्या प्रवास कंपनीकडेही एवढी तयारी नसेल. इसिक-कुल सरोवर १,६०७ मीटर उंचीवर आहे, ६६८ मीटर खोल आहे, पाणी किंचित खारट आहे आणि कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. त्याहून वर ३,०१६ मीटरवर सोंग-कुल सरोवर. मेंढपाळ उन्हाळ्यात जनावरं घेऊन तिथल्या कुरणांवर चढतात, जूनमध्ये युर्त, म्हणजे त्यांचे लोकरी नमद्याचे गोल तंबू, उभे राहतात आणि सप्टेंबरात उतरतात. म्हणजे जायचं तर तेवढ्याच महिन्यांत. बाईंचे असे दोन उन्हाळे वह्या भरण्यातच निघून गेले होते. तिकीट मात्र काढलेलं नव्हतं.

पहिल्या दोन भेटी मी चुकीच्या वाटेनं नेल्या, हे कबूल करते. मला वाटलं, यजमानांशिवायचा पहिला मोठा प्रवास, म्हणून पाय अडखळतोय. बाई नम्रपणे उत्तरं देत राहिल्या. तिसऱ्या भेटीत मी वही त्यांच्यासमोर उघडून विचारलं, "बाई, यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तुम्ही त्याच संध्याकाळी तिकीट काढाल?"

त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. असा प्रश्न सापडेना.

काळजीचं हे गणित मी रोज बघते. एक शंका शोधून फेडली की तासभर बरं वाटतं, मग तिला दोन पिल्लं होतात. म्हणून वहीतले प्रश्न आम्ही निवडायला घेतले. काहींना खरोखर उत्तर होतं. उंचीचं घ्या. राजधानी बिश्केक साधारण ८०० मीटरवर, तिथून एकाच दिवसात सोंग-कुलला चढणं म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून वर जाणं. त्यावर उपाय असा, की वाटेत कोचकोर गावी मुक्काम करायचा, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारायचं आणि डोकं दुखून मळमळायला लागलं तर हट्ट न करता खाली उतरायचं. जेवणाचंही तसंच. तिकडे ताटात मांसच जास्त, पण रोटी, साय, मुरंबा आणि चहा मिळतो, शिवाय सोबत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी असली की सांगलीचा माणूस उपाशी मरत नाही.

मुलगा फोनवर २०२४ च्या मे महिन्यातल्या बातम्या पाठवायचा. तेव्हा बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला होता आणि भारतीय दूतावासानं आपल्या मुलांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं होतं. ते घडलेलं आहे, त्यावर 'काही होत नाही हो' म्हणणं मला पटत नाही. निघण्याआधी सरकारी सूचना बघायच्या, दूतावासाचा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायचा, रात्री शहरात भटकायचं नाही. एवढं केलं की तो प्रश्न वहीत परत लिहायचा नाही, असं ठरलं.

उरलेले प्रश्न मात्र गमतीशीर होते. 'बसची पाटी वाचता आली नाही तर?' 'दुकानात काय मागायचं कळलं नाही तर?' 'लोक हसले तर?' तिकडची लिपी सिरिलिक, रशियन लिहितात ती. बाई म्हणाल्या, "अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि फसवतात. पाटीवर 'पेक्टोपाह' लिहिलंय असं वाटतं आणि ते असतं 'रेस्तोरान'!" हसता हसता त्या एकदम थांबल्या. "मॅडम, ३४ वर्षं मी पोरांना वाचायला शिकवलं. तिथं मी अंगठाछाप होणार."

हे होतं खरं. ना उंची, ना जमाव. ज्या बाईंना वर्गात कधी 'माहीत नाही' म्हणावं लागलं नाही, त्यांना रस्त्यात उभं राहून अनोळखी माणसाला विचारायचं होतं.

मग मी त्यांना बदामीला पाठवलं. बेळगावला नको म्हटलं, तिथं मराठीवर भागतं, सराव फुकट जाईल. अट अशी: फोनवर भाषांतर बघायचं नाही, मुलाला फोन रात्री एकदाच.

परतल्यावर त्या जवळजवळ शाळकरी पोरीसारख्या बोलत होत्या. हुबळीच्या स्टँडवर सगळ्या पाट्या कन्नड. त्या गदगच्या गाडीत चढल्या. कंडक्टरनं पुढच्या थांब्यावर उतरवलं, दीड तास वाया गेला. मग एका कॉलेजच्या मुलीला नुसतं "बदामी?" विचारलं, तर तिनं हाताला धरून गाडीत बसवलं. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे. "तोही वाचता आला नाही," म्हणाल्या, "पण तो बाकीच्यांनाही येत नव्हता की!"

मुक्कामाच्या रात्री भीती वाटली का, असं मी विचारलं. वाटली, म्हणाल्या. झोप उशिरा लागली. सकाळी इडली खाताना मात्र मागच्या टेबलावरच्या माणसाला काय खाताय म्हणून विचारलं आणि तेच मागवलं.

आता सिरिलिक बाराखडी त्यांनी पहिलीच्या पोरासारखी घोटली आहे. तिकीट ८ जुलैचं आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तासच पुढे, तेव्हा रोज रात्री नऊला फोन करीन, असं त्यांनी मुलाला सांगून टाकलंय. एक दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, हेही बजावलंय.

बाईंना आता माझी गरज उरलेली नाही. त्यांची माझ्याकडची मंगळवारची वेळ मात्र मुलानं स्वतःसाठी मागून घेतलीय.