निवृत्तीचे पैसे आणि बेसबॉलची जुनी कार्डं

प्रश्न : मी 58 वर्षांचा आहे, न्यू जर्सीत राहतो. शेअर बाजाराची धास्ती वाटते आणि महागाई काही पाठ सोडत नाही. ऑफिसमधला मित्र म्हणतो, ‘जुनी बेसबॉल कार्डं घे, त्यांच्यावर टॅक्सही लागत नाही.’ आयआरए या निवृत्तीच्या खात्यातले 40 हजार डॉलर काढून 1950च्या दशकातली कार्डं घ्यावीत का? पुढेमागे ती मुलाला देता येतील.
– एक वाचक

उत्तर : आयआरएला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी दिवसभर लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो आणि वीस वर्षांपासून कार्डंही जमवतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत.

तुमचं वय साडेएकोणसाठच्या आत आहे. 40 हजार काढलेत की ते सगळे या वर्षीच्या उत्पन्नात धरले जातील. तुम्ही 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर 8,800 डॉलर फेडरल टॅक्स आणि वर 10 टक्के दंड, म्हणजे 4,000. पहिलं कार्ड हातात येण्याआधीच 12,800 डॉलर गेले. आयआरएच्याच खात्यातून कार्ड घेतलं तरी सुटका नाही. संग्रहाच्या वस्तूंवर खर्च केलेली रक्कम तुम्ही काढून घेतली, असंच कायदा मानतो.

मित्राचं दुसरं म्हणणंही चुकीचं आहे. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर पगारासारखाच टॅक्स लागतो. वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअर्सवर दर जास्तीत जास्त 20 टक्के असतो, कार्डांवर मात्र तो 28 टक्क्यांपर्यंत जातो. लिलावात घेतलंत तर बोलीवर लिलावगृहाचा साधारण 20 टक्के प्रीमियम वेगळा मोजावा लागतो.

टॉप्स या कार्ड कंपनीच्या 1952च्या संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट 2022मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, ती बातमी सगळ्यांच्या लक्षात आहे. पण जानेवारी 2021मध्ये बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं फ्लीअर कंपनीचं 1986चं कार्ड 7 लाख 38 हजारांना विकलं गेलं आणि पुढच्याच वर्षी त्याच ग्रेडचं, म्हणजे तितक्याच चांगल्या स्थितीतलं कार्ड निम्म्याहूनही कमी भावात मिळत होतं. ते ज्याने चढ्या भावात घेतलं, त्याला महागाईपासून कसलं संरक्षण मिळालं?

माझी स्वतःची चूकही सांगतो. एका प्रदर्शनात मी टॉप्सचं 1954चं हँक ॲरनचं रुकी, म्हणजे त्या खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड घेतलं. कोपरे इतके टोकदार की मी हरखून गेलो. ग्रेडिंगला, म्हणजे कार्ड तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं, तर कडा कापल्याचा शेरा मारून परत आलं. मग त्याच संचातलं एक साधं, स्वस्त कार्ड त्याच्यावर ठेवून पाहिलं. टॉप्सची त्या काळातली कार्डं अडीच बाय साडेतीन इंचांच्या आजच्या मापापेक्षा मोठी, 2⅝ बाय 3¾ इंचांची असत. माझं कार्ड एका बाजूने नखाच्या जाडीएवढं आखूड निघालं. भिंगाखाली तीच कड पांढरीशुभ्र दिसत होती, बाकीच्या तीन जुन्या कागदासारख्या पिवळसर. पाच मिनिटांची ही तपासणी मी पैसे मोजण्याआधी करायला हवी होती. ती तुम्ही नक्की करा.

खेळाची खरोखर आवड असेल तर पगारातून उरलेल्या पैशांतून, ग्रेडिंग झालेलं एखादंच कार्ड घ्या. पाचसात वर्षं लागणार नाही, एवढीच रक्कम त्यात घाला. घाईत विकायला निघालात की भाव पडतो, हे मी कितीदा पाहिलंय.

आता मुलाचं. हयातीत भेट दिलीत तर त्याच्या नफ्याचा हिशेब तुमच्या खरेदी किमतीपासून सुरू होतो. वारशाने गेलं तर सहसा तुमच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात आणि आधीच्या वाढीवर त्याला टॅक्स बसत नाही. म्हणून खरेदीची पावती, लिलावाचं बिल, ग्रेडिंग फीची नोंद असं सगळं एका पाकिटात ठेवा आणि ते पाकीट कुठे आहे, हे मुलाला आजच दाखवून ठेवा.